गाठोड्यात एक कागद वाढवताना

जुन्या गाठोड्यात एक नवा कागद घालायचा, एवढंच काम होतं. कापडाचं गाठोडं असतं तर गाठ सोडली, कागद आत सरकवला, पुन्हा गाठ मारली की संपलं असतं. पण हे गाठोडं संगणकातलं होतं. आमच्या कुटुंबाचे तेवीस कागद स्कॅन करून एका झिप फाइलमध्ये बांधलेले, आणि ती झिप फाइल डेटाबेसच्या एका तक्त्यात, एका ओळीच्या एका रकान्यात ठेवलेली. चोविसावा कागद सुरतेहून आला. तो आत घालताना घरात एक वाद झाला. तो वाद फक्त आमच्या घरातला नाही असं वाटलं, म्हणून हे लिहितोय.

आधी हे गाठोडं बांधलं का गेलं ते सांगतो.

३१ ऑगस्ट २०१९ला आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली. त्यात १९ लाखांहून जास्त माणसांची नावं नव्हती. डिसेंबरात संसदेत नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर झाला. त्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम मोहल्ल्यांत लोक पत्र्याच्या पेट्या उघडून बसले होते. कुणाच्या नावात ‘महंमद’ तर कुणाच्या ‘मोहम्मद’, कुणाच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून तर आधारवर १ जानेवारी. आसामात लोकांना आजोबांच्या काळचे कागद दाखवावे लागले, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. आपल्याकडे तशी वेळ येईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आपले कागद एकदा नीट लावून ठेवावेत, याला कुणाचीच हरकत नव्हती.

आमच्या मोहल्ल्यातली चार-पाच पोरं एक स्कॅनर आणि दोन लॅपटॉप घेऊन बसली. मी डेटाबेसचं काम करून पोट भरतो, त्यामुळे कागद साठवायचे कसे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन गोष्टी धरून चाललो. पहिली, कागद कुटुंबाचे आहेत, आमचे नाहीत. म्हणून प्रत्येक कुटुंबाला त्याचं पूर्ण गाठोडं पेन ड्राइव्हवर देता यायला हवं, आणि ते कुठल्याही सायबर कॅफेत, कुठल्याही मोबाइलवर आमच्या मदतीशिवाय उघडायला हवं. दुसरी, सगळ्या कुटुंबांची एक शोधता येईल अशी नोंद हवी, म्हणजे नुसत्या फोल्डरांवर भागणार नाही, डेटाबेस लागेल. यातून मार्ग निघाला तो असा. प्रत्येक कुटुंबाची एक झिप फाइल, आणि ती फाइल डेटाबेसमध्येच. लॅपटॉप इंटरनेटपासून लांब, त्याची डिस्क कुलूपबंद.

इथे एक सांगायला हवं. झिप म्हटलं की लोकांना वाटतं, जागा वाचवायला. स्कॅन केलेल्या जेपीजी चित्राची झिप केली तर जागा जवळजवळ वाचत नाही, कारण जेपीजी आधीच दाबलेलं असतं. आम्ही झिप घेतली ती बांधून ठेवण्यासाठी. बापाचा दाखला एका फोल्डरात आणि मुलाचा दुसऱ्यात, असं पुढे कधी होऊ नये म्हणून.

पेट्यांतून जे निघालं ते पाहून वाटलं, हा आपल्या जिल्ह्याचाच इतिहास आहे. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा धुळे. त्याच्याही आधीच्या कागदांवर ‘पश्चिम खानदेश’, कारण १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले होते. काहींवर मुंबई राज्य, काहींवर महाराष्ट्र. माणूस एकाच घरात जन्मला, त्याच घरात म्हातारा झाला, पण त्याच्या कागदांवर जिल्हा दोनदा बदलला. बाहेरचा कुणी बघेल तर म्हणेल, हा माणूस सारखा गाव सोडून जात होता.

आमचं कुटुंब पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. शहादा-तळोद्याकडच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, तेव्हा हा धंदा इथे होताच. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पिंजण्याचं धनुष्य खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे. तातीवर लाकडी मुठीचा ठोका पडला की जो आवाज निघतो तो ऐकून बाया जुन्या गाद्या दारात आणून टाकायच्या. अब्बांनी काही वर्षं ते केलं, मग मशीन आलं, मग फोम आला. आम्ही भावंडं शिकलो आणि तो धंदा आमच्या घरातून गेला. नावापुरती जात राहिली.

ही जात कागदावर आणणं मात्र सोपं नाही. पिंजारी महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. मुसलमानांतल्या अशा कष्टकरी जातींना ओबीसींच्या सवलती मिळाव्यात म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी आयुष्यभर चळवळ केली, म्हणून आज आमच्यासारख्यांना निदान अर्ज तरी करता येतो. पण ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, आणि तिथे आपल्या लोकांचं घोडं अडतं. त्या काळच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात गुरुजींनी सरळ ‘मुसलमान’ लिहून टाकलेलं असतं. विचारणारा गुरुजी आणि सांगणारा बाप, दोघांनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नसणार.

आमच्या दादांच्या नोंदीत तसंच आहे. साल १९४५, जात ‘मुसलमान’. २०२०च्या जानेवारीत हा उतारा आमच्या गाठोड्यात गेला, तेव्हा त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. तेव्हा प्रश्न इथलेच असल्याचा होता, आणि त्यासाठी १९४५चा कागद म्हणजे सोनं. पाच वर्षांनी माझी पुतणी बारावी झाली, इंजिनिअरिंगला जायचं ठरलं, जात पडताळणीचा अर्ज आला आणि तोच कागद अडचणीचा झाला.

मग सुरतेचा कागद आला. नंदुरबारहून सुरत म्हणजे तापी खोऱ्यातली रेल्वे धरली की झालं. खानदेशातली किती घरं त्या लाइननं सुरतेला गेली त्याचा हिशेब नाही. दादांचे थोरले भाऊ, आमचे बडे दादा, त्यांतलेच. त्यांच्या नातवाला पेटीत शाळा सोडल्याचा जुना दाखला सापडला. तळोदा तालुक्यातली मराठी शाळा, प्रवेशाचं साल १९४१, जात ‘पिंजारी’. सख्खे भाऊ, चार वर्षांचं अंतर, दोन गावचे दोन गुरुजी. एकानं धर्म लिहिला, दुसऱ्यानं धंदा.

त्यानं फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा शिक्क्यातली अक्षरं वाचता येईनात. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं. त्याला म्हटलं, ‘‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.’’ दुसऱ्यांदा आला तो स्वच्छ होता. शाळेकडून रजिस्टरचा ताजा, सहीशिक्क्याचा उताराही मागवला. आता हे गाठोड्यात घालायचं होतं.

इथून पुढे थोडं तांत्रिक. पण ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्यांनीही वाचावं, कारण वाद यातूनच निघाला.

झिप हा प्रकार १९८९ साली फिल कॅट्झ या अमेरिकन माणसानं काढला आणि त्याची रचना सगळ्यांसाठी खुली करून टाकली. आजही कुठलीही झिप फाइल आतून पाहिली तर प्रत्येक नोंदीच्या आरंभी ‘पी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरं दिसतात. ती त्याच्या नावाची. झिपची रचना अशी की आत प्रत्येक फाइल वेगळी दाबून, वेगळी पुडी करून, एकापुढे एक ठेवलेली असते. प्रत्येक पुडीवर तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं. आणि सगळ्या पुड्या संपल्यावर, अगदी शेवटी, एक यादी असते. कुठली फाइल सुरुवातीपासून किती बाइटवर आहे, तिचा आकार किती, ती बिघडली तर कळावं म्हणून तिची बेरीज किती. यादीच्याही शेवटी एक छोटी नोंद, की एकूण फायली इतक्या आणि यादी इथून सुरू होते. झिप उघडणारा प्रोग्रॅम आधी शेवटाकडे जातो, ती नोंद शोधतो, यादी वाचतो आणि मग आत हात घालतो.

सगळी गाठोडी अशी नसतात. लिनक्सवर टार-जीझेड नावाचा प्रकार चालतो. त्यात सगळ्या फायली आधी एकाला एक जोडतात आणि मग तो सगळा लांब पट्टा एकदम दाबतात. दाबणं म्हणजे काय, तर जो मजकूर परत आला त्याच्याजागी ‘मागे इतक्या अक्षरांवर हेच होतं’ अशी खूण ठेवणं. एकाच पट्ट्यात प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याच्या आधारानं उभा राहतो. त्यात नवी फाइल घालायला गेलात तर टार प्रोग्रॅम सरळ नाही म्हणतो, आधी सगळं उलगडा म्हणतो. दादांच्या भाषेत सांगायचं तर ही भरलेली गादी झाली. जुन्या गादीत वरून मूठभर नवा कापूस कोंबला तर गोळे होतात. उसवायची, सगळा कापूस बाहेर काढायचा, जुना-नवा एकत्र पिंजायचा, पुन्हा भरायची, पुन्हा टाके घालायचे.

झिपमध्ये तसं करावं लागत नाही. जुन्या पुड्यांना हातही लावायचा नाही. शेवटची यादी जिथे सुरू होते तिथे जायचं, त्या जागेवर नवी पुडी लिहायची आणि तिच्यामागे नवी यादी लिहायची, जुन्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा आणि त्यांत एकीची भर. जुन्या फायली जागच्या हललेल्या नसतात, म्हणून त्यांचे पत्ते बदलत नाहीत.

फक्त एक नाजूक क्षण असतो. नवी पुडी लिहिताना जुनी यादी पुसली जाते. नवी यादी लिहून होईपर्यंत त्या फाइलला यादीच नसते. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर झिप उघडणार नाही. ही झिप फाइलच नाही, असं प्रोग्रॅम म्हणेल. आत तेवीसच्या तेवीस कागद शाबूत असतील, पण यादी नाही म्हणून ते नाहीत असं धरलं जाईल. आमच्या भागात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ही भीती पुस्तकातली नव्हती.

अशा वेळी डेटाबेस उपयोगाला येतो. बऱ्याच डेटाबेसना झिप हा प्रकार मुळातून कळत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६पासून दाबण्याचं फंक्शन आहे, ओरॅकलमध्ये त्याआधीपासून आहे, पण दोन्ही एकेकटा मजकूर जीझिप पद्धतीनं दाबतात. अनेक फायलींचं गाठोडं बांधत नाहीत. ओरॅकलच्या एपेक्समध्ये झिपचं वेगळं पॅकेज आहे. तिथे सरळ वाट अशी की जुन्या झिपमधल्या फायलींची नावं घ्यायची, एकेकीचा मजकूर बाहेर काढायचा, नव्या झिपमध्ये घालायचा, शेवटी नवी फाइल घालायची आणि गाठोडं बंद करायचं. काम होतं, पण ही गादी उसवण्याचीच रीत झाली.

आम्ही पोस्टग्रेस वापरतो. त्याच्या आत पायथॉन भाषेत फंक्शन लिहिता येतं, आणि पायथॉनच्या झिप लायब्ररीला जुन्या गाठोड्यात भर घालणं येतं. मग काम असं. फंक्शनला कुटुंबाचा क्रमांक, नव्या फाइलचं नाव आणि तिचा मजकूर द्यायचा. फंक्शन आधी त्या कुटुंबाची ओळ कुलूप लावून उचलतं, म्हणजे दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच वेळी कुणी दुसरा कागद घालत असेल तर तो थांबेल. नाहीतर दोघंही तेवीस कागदांची प्रत उचलतात, दोघंही चोविसावा घालतात, आणि जो उशिरा ठेवतो त्याचाच उरतो. मग ती झिप डिस्कवर न उतरवता संगणकाच्या स्मृतीतच उघडायची, भर घालायची, बंद करायची, पुन्हा उघडून सगळ्या फायलींच्या बेरजा जुळतात का ते तपासायचं आणि सगळं बरोबर असेल तरच रकान्यात परत ठेवायचं.

यात पोस्टग्रेसचा एक गुण फार कामाचा आहे. ओळ बदलली म्हणजे जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. नवी ओळ शेजारी लिहिली जाते, आणि व्यवहार पुरा झाला असं पक्कं झाल्यावरच सगळ्यांना नवी दिसते. मध्येच वीज गेली तर जुनी ओळ जशी होती तशी समोर येते. याची किंमत आहे. दोनशे केबीचा कागद वाढवायला चाळीस एमबीचं गाठोडं पूर्ण पुन्हा लिहिलं जातं. एका रकान्यात एक जीबीच्या वर मावत नाही, हीही मर्यादा. ज्यांच्याकडे लाखो फायली आहेत त्यांनी हा मार्ग धरू नये. मोहल्ल्यातल्या कुटुंबांना मात्र तो पुरतो.

नावांचीही एक अडचण असते. झिपमध्ये एकाच नावाच्या दोन फायली बसू शकतात. पायथॉन फक्त इशारा देतो, अडवत नाही. ‘दाखला’ नावाची फाइल आधीच आत असेल आणि तुम्ही दुसरी ‘दाखला’ घातलीत, तर दोन्ही आत राहतात, पण नाव घेऊन मागाल तर नंतरची मिळते. पहिली असून नसल्यासारखी होते. म्हणून फंक्शन आधी यादी बघतं आणि नाव जुळलं तर काम नाकारतं. आमच्याकडे प्रत्येक नावात क्रमांक, माणूस, कागद आणि साल असतं. नावं देवनागरीत आहेत. लायब्ररी त्यासाठी नोंदीत एक छोटी खूण करते, की हे नाव युनिकोडमध्ये आहे. ती खूण नसती तर दुसऱ्या संगणकावर ‘बडे दादा’च्या जागी भलतीच चिन्हं दिसली असती.

हे सगळं तयार होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला तेव्हा भाईजान शेजारी येऊन बसले. पुतणी त्यांचीच मुलगी.

‘‘हा कागद घालतोयस ना,’’ ते म्हणाले, ‘‘मग तो दुसरा काढून टाक.’’

‘‘कुठला?’’

‘‘दादांचा. मुसलमान लिहिलेला. त्याचा आता काय उपयोग? उलट तोच आडवा येईल. अर्जालाही जोडायचा नाही आणि इथेही ठेवायचा नाही.’’

मी म्हटलं, ‘‘भाईजान, इथून काढला तरी शाळेच्या रजिस्टरात तो राहणारच. समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघू शकतं. आपण लपवला असं दिसलं, तर खरा आहे तो कागदही खोटा वाटेल.’’

‘‘तू नोकरी करतोस, तुझं झालं. माझ्या पोरीचं वर्ष जाईल त्याचं काय?’’

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. ते चुकीचं बोलत नव्हते. महाराष्ट्राच्या जात पडताळणी कायद्यात कलम ८ आहे. जात सिद्ध करण्याचा भार अर्ज करणाऱ्यावर आहे. भार आपल्यावर आहे म्हटल्यावर माणूस वजनाला जड तेवढेच कागद पुढे करतो आणि बाकीचे मागे सारतो. हे फक्त आमच्याच घरात होतं असं कुणी समजू नये.

पुतणी मागे उभी होती. ती म्हणाली, ‘‘चाचू, पण दादा मुसलमान होतेच ना? आणि पिंजारीपण होते. यात खोटं काय आहे?’’

भाईजान तिच्याकडे बघत राहिले.

मी त्यांना पडद्यावर यादी दाखवली. १९४१ आणि १९४५, दोन भावांच्या दोन नोंदी एकाखाली एक. मग बाकीचे कागद दाखवले, ज्यांतून हे दोघं सख्खे भाऊ आहेत हे कळतं. एका बापाचं नाव, एकच मूळ गाव, जुन्या घरपट्टीच्या पावतीवर दोघांची नावं. म्हटलं, ‘‘दादांचा कागद काढला तर बडे दादांचा कागद आपल्या पोरीपर्यंत पोचतच नाही. मधली कडी दादाच आहेत. त्यांचाच कागद काढून आपण त्यांच्या भावाचा कागद कसा दाखवणार?’’

ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे. पण अर्जात लिही, की दोन ठिकाणी असं वेगवेगळं का लिहिलंय.’’ तसं आम्ही लिहिलं. एका पानाचं निवेदन, साध्या भाषेत, दोन्ही उताऱ्यांसह. अर्ज गेला आहे. निकाल अजून आलेला नाही.

पटवताना मी भाईजानना कडीचं सांगितलं, पण माझ्या मनात आणखी एक कारण होतं. आम्ही हे गाठोडं बांधलं तेव्हाच ठरवलं होतं की यात भर पडेल, काढघाल होणार नाही. फंक्शनमध्ये फाइल वाढवण्याची सोय आहे, फाइल काढण्याची नाही. ती विसरून राहिलेली नाही, ठरवून ठेवलेली नाही. गेल्या पाच वर्षांत कितीतरी जणांनी येऊन सांगितलं, जुनं चुकलेलं नाव काढून नवं बरोबर घाल. आम्ही नवं घालतो, जुनं राहू देतो. पाच वर्षांपूर्वी दादांचा १९४५चा कागद सोनं होता, यंदा अडचण झाला. उद्या पुन्हा कुणी दुसराच प्रश्न विचारेल आणि तोच कागद पुन्हा सोनं होईल. कुठल्या वर्षी कुठला प्रश्न येईल हे आपल्या हातात नाही. म्हणून आजच्या प्रश्नासाठी कालचं उत्तर फाडून टाकू नये.

सरकार आपल्याला कसं वाचतं, याचाही विचार या निमित्तानं डोक्यात आला. देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१०ला रंजना सोनवणे यांना दिला गेला. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. आज आधारची ऑफलाइन प्रत डाउनलोड केली तर तीही झिपच असते, चार आकडी कोडनं बंद केलेली. आतल्या मजकुरावर डिजिटल सही असते. त्यात तुम्ही स्वतःहून एक अक्षर बदललंत तर सही जुळत नाही. तिथे ते योग्यच आहे. सरकारनं काय सांगितलं ते सरकारच्या सहीनंच राहावं.

पण माणसाचा सगळा वृत्तांत असा एका सहीत बसत नाही. तो वाढत जातो. सून येते, नातवंडं होतात, एखादा भाऊ सुरतेला जातो, सत्तर-ऐंशी वर्षांनी त्याच्या पेटीतून एक दाखला निघतो. आणि आपली कार्यालयं मात्र भरलेल्या गादीसारखी वागतात. एक नवा कागद आणलात की म्हणतात, सगळं पहिल्यापासून द्या. भावाची पडताळणी झालेली असली तरी बहिणीनं पुन्हा शपथपत्र करायचं. जे एकदा तपासून झालं ते तसंच ठेवून त्यापुढे एक नोंद वाढवायला काय हरकत आहे? तंत्र काही आडवं येत नाही. १९८९ साली फ्लॉपीच्या जमान्यात हे एका माणसाला जमलं होतं.

यादी हरवलेल्या झिपचंही सांगायला हवं. ती कायमची गेली असं नसतं. दुरुस्तीचा प्रोग्रॅम असतो. तो शेवटच्या यादीवर विसंबत नाही, सुरुवातीपासून एकेक बाइट वाचत जातो, जिथे ‘पीके’ची खूण दिसेल तिथे थांबतो, पुडीवरचं नाव वाचतो आणि त्यातून नवी यादी बनवतो. वेळ लागतो, पण फायली निघतात, कारण प्रत्येक पुडीवर तिचं नाव तिनं स्वतः बाळगलेलं असतं. आसामच्या यादीत नसलेल्या १९ लाख माणसांबद्दल वाचताना मला हे आठवत राहतं. ती माणसं होती तिथेच होती, आपापल्या घरात, आपापल्या नावानिशी. यादीत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणण्याआधी सुरुवातीपासून वाचत जाण्याची तसदी कुणीतरी घ्यायला हवी, आणि ती तसदी माणसावर टाकण्याऐवजी यादी करणाऱ्यानं घ्यायला हवी.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. जी पोरं आपापल्या मोहल्ल्यात असं काम करत असतील त्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. कागद स्कॅन करताना त्यावर काय लिहिलंय ते आवडलं की नाही, याचा विचार करू नका, सगळे घ्या. नवा कागद आला की जुन्याला हात न लावता पुढे जोडा. नवी यादी तपासून पक्की झाल्याशिवाय जुनी टाकू नका. आणि एक प्रत कुटुंबाच्या हातात द्या, त्यांच्या पेन ड्राइव्हवर, त्यांच्या पेटीत. म्हाताऱ्यांकडे बसून हेही विचारा, की तुमचा कोण भाऊ, कोण चुलता कुठल्या गावी गेला. चोविसावा कागद बहुतेक त्यांच्याच पेटीत असतो.